पाच पॉलिसी आणि विमा अकरा लाखांचा

कपाटात साड्यांच्या घडीखाली एक प्लॅस्टिकची पिशवी असते. घराचं खरेदीखत, मुलांचे जन्मदाखले, जुनी पासबुकं आणि विम्याच्या पॉलिसी, सगळं एकत्र कोंबलेलं. पहिली पॉलिसी लग्नाआधी आत्येभावाने गळ्यात मारलेली. दुसरी मार्चअखेरीस टॅक्स वाचवायला काढलेली. तिसरी थोरलीच्या जन्मानंतर, ‘मुलीच्या शिक्षणासाठी’. चौथी बँकेतल्या साहेबांचं टार्गेट भरायला आणि पाचवी कुठून आली ते आता कुणालाच आठवत नाही.

अशा पिशवीचा नमुन्यादाखल हिशेब मांडून पाहू. समजा, घर चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या चौतीस वर्षांच्या माणसाचं आहे. हातात येणारा पगार ७५ हजार. पाचही पॉलिसींचे मिळून वर्षाला ६८ हजार रुपये हप्ते जातात, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा पगार. आणि पाचही पॉलिसींची विमा रक्कम मिळून? अकरा लाख. घरखर्च महिना ४३ हजार, गृहकर्जाचा हप्ता २४ हजार. उद्या या माणसाचं बरंवाईट झालं, तर अकरा लाखांत घर सोळा महिने चालेल. सतराव्या महिन्याला बँकेचा फोन येईल.

हा माणूस बेफिकीर नाही. तो वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवता भरतोय आणि आपला विमा आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे आहे ती बचत, थोडा विमा लावलेली.

ही सरमिसळ आजची नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि देशातला आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याचं लोकांना कळलं. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. (तोवर महाडजवळच्या नाते गावचे देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळेही झाले होते.) त्याआधी विमा कंपन्या बुडत आणि लोकांचे पैसे जात. एलआयसीच्या पॉलिसीमागे कायद्यानेच सरकारची हमी आली. मग गावोगावी शाळामास्तर, पोस्टातले कारकून, शेजारचे काका एजंट झाले आणि ज्या घरांत महिनाअखेरीला काही उरत नसे त्या घरांना त्यांनी सक्तीने पैसे बाजूला काढायला शिकवलं. मुलीचं लग्न, घरावरचा स्लॅब, निवृत्तीनंतरची काशीयात्रा असं बरंच काही त्या पॉलिसींतून उभं राहिलं. ते नाकारण्याचं कारण नाही. मात्र ‘विम्यातून किती परत मिळणार?’ हाच पहिला प्रश्न विचारायची सवयही तिथेच लागली.

टर्म प्लॅन विकत घेताना लोक अडखळतात ते याच प्रश्नावर. टर्म म्हणजे निव्वळ विमा. ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पूर्ण रक्कम, जगला तर काही नाही. ‘म्हणजे तीस वर्षांचे पैसे फुकट?’ असं विचारणारा तोच माणूस मोटारसायकलचा विमा दरवर्षी भरतो आणि गाडी चोरीला गेली नाही म्हणून हळहळत नाही. एंडॉवमेंटमध्ये मुदत संपली की विमा रक्कम आणि बोनस मिळतो. मनी बॅकमध्ये तेच पैसे दर चार-पाच वर्षांनी तुकड्यातुकड्याने येतात. होल लाइफ पार नव्वदी-शंभरीपर्यंत चालते. युलिपमध्ये हप्त्याचा काही भाग शेअर किंवा रोख्यांच्या फंडात जातो, पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत आणि शेवटी काय मिळेल ते बाजारावर ठरतं. हप्ते परत देणारा टर्म प्लॅनही मिळतो. त्याचा हप्ता साध्या टर्मपेक्षा बराच जास्त असतो आणि परत येतो तो जादा भरलेला पैसाच, तोही बिनव्याजी किंवा जेमतेम व्याजाने. विक्रेत्याने मानसशास्त्र ओळखून काढलेला हा माल आहे, यापलीकडे त्याचं कौतुक करण्यासारखं फार नाही.

आता आकडे. तीस वर्षांच्या माणसाने वीस वर्षांची एंडॉवमेंट घेतली, वर्षाला ५० हजार हप्ता, विमा रक्कम १० लाख. बोनस धरून मुदतीअखेर १९ लाख मिळाले असं समजा. ‘दहा भरले, एकोणीस मिळाले’ हे ऐकायला गोड वाटतं. पण पैसे वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने भरलेत हे धरून परतावा काढला, तर तो पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. तोच माणूस एक कोटीचा टर्म घेतो. बिनव्यसनी आणि निरोगी असेल, तर त्याला कंपनीनुसार वर्षाला दहा-बारा हजार पडतात. बारा धरू. उरलेले ३८ हजार तो पीपीएफमध्ये टाकतो. गेली काही वर्षं पीपीएफ ७.१ टक्के व्याज देतंय. तोच दर टिकला तर वीस वर्षांनी तिथे सुमारे १६ लाख ९० हजार होतात.

म्हणजे एंडॉवमेंटवाल्याच्या हातात शेवटी दोनएक लाख जास्तच पडतात. ते लपवायचं कशाला? पण वीस वर्षं एकाच्या घरावर दहा लाखांचं छप्पर होतं आणि दुसऱ्याच्या घरावर एक कोटीचं. दोन लाखांच्या फरकात मिळालेलं नव्वद लाखांचं जादा संरक्षण, हा खरा सौदा आहे. अडचण एकच. पीपीएफमध्ये ते ३८ हजार दरवर्षी न चुकता भरावे लागतात, आणि तिथे हप्त्याची आठवण करायला कुणी काका घरी येत नाही. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याने हे मनाशी कबूल करून बँकेला आपोआप वळतं करायची सूचना देऊन ठेवावी.

विमा किती हवा, याचं ‘वार्षिक उत्पन्नाच्या दहा पट’ असं ठरीव उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. त्यापेक्षा वही घेऊन बसलेलं बरं, आणि नवरा-बायको दोघांनी बसावं. चाकणच्या त्याच घराचं उदाहरण पुढे नेऊ. पत्नी सध्या घरी आहे, मुलं सहा आणि दोन वर्षांची, बार्शीकडे आईवडील. घरखर्चाच्या ४३ हजारांत आईवडिलांना पाठवायचे पाच हजार धरलेले आहेत. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च, म्हणजे पेट्रोल, मोबाइल, बाहेरचं खाणं असे सात हजार वजा करायचे. (हे वजा करताना दोघांपैकी कुणाचा तरी आवाज जड होतो. हिशेब लांबणीवर पडतो तो बहुधा इथेच.) उरले महिना ३६ हजार, वर्षाला ४ लाख ३२ हजार. धाकटा कमावता होऊन घर सावरेपर्यंत पंचवीस वर्षं धरली, तर १ कोटी ८ लाख. मिळालेल्या रकमेवरचं व्याज आणि महागाई साधारण एकमेकांना खातील, असं यात गृहीत आहे. गृहकर्ज शिल्लक २८ लाख. दोन मुलांच्या शिक्षणाचे आजच्या भावाने ३० लाख. एकूण १ कोटी ६६ लाख.

आता हातात काय आहे? पीएफ ६ लाख, ठेवी ४ लाख, पिशवीतल्या पाच पॉलिसींचे ११ लाख. शिवाय एक रक्कम जी बहुतेकांना ठाऊकच नसते. पीएफ कापला जातो त्या कामगाराला १९७६ सालापासून ‘ईडीएलआय’ नावाच्या योजनेचा विमा आपोआप मिळतो. हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक पैसा जात नाही. नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसांना जास्तीत जास्त ७ लाख मिळू शकतात. हे सगळे २८ लाख वजा केले की खड्डा उरतो १ कोटी ३८ लाखांचा. दीड कोटीचा टर्म घ्यावा, निवृत्तीच्या वयापर्यंतचा. नव्वदीपर्यंत चालणारा महाग प्लॅन कशाला? साठीनंतर मुलं कमावती झालेली असतात, कर्ज फिटलेलं असतं, आणि त्याच्या पगारावर कुणी अवलंबून नसतं.

काही कंपन्या कामगारांना सामूहिक विमाही देतात. चांगली गोष्ट, पण नोकरी सुटली की तो सुटतो, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी साखर-बीपी घेऊन नवी पॉलिसी मागायला गेलं की हप्ता वाढतो किंवा नकार येतो. म्हणून वरच्या वजाबाकीत तो धरलेला नाही. गृहकर्ज देताना बँक ‘कर्जाचा विमा’ पुढे करते, तोही सक्तीचा नसतो. त्याचा एकरकमी हप्ता बहुधा कर्जातच मिसळतात, त्यावर वर्षानुवर्षं व्याज भरावं लागतं आणि विमा मात्र कर्जाबरोबर घटत जातो. पुरेसा टर्म असेल तर तो दाखवून मोकळं व्हावं.

घर सांभाळणाऱ्या बायकोचा विमा काढायचा म्हटलं की ‘तिला कुठे पगार आहे?’ असं विचारणारे आहेत. ती गेली तर स्वयंपाक, पाळणाघर, आजारी सासूची देखभाल यांचे पैसे मोजून पाहावेत. उत्तर त्यातच मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. पॉलिसीचा बाँड नव्हे, प्रपोजल फॉर्म.

‘दादा, तुम्ही इथे-इथे फक्त सह्या करा, बाकी मी ऑफिसात बसून भरतो.’ या एका वाक्याने पुढे किती घरं अडचणीत येतात ते मोजता येणार नाही. फॉर्ममध्ये विचारलेलं असतं: तंबाखू घेता का? एजंट ‘नाही’ लिहितो, कारण ‘हो’ म्हटलं की हप्ता वाढतो आणि गिऱ्हाईक बिचकतं. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. जेवणानंतरची चुन्याची चिमूट, गुटखा आणि सकाळी दाताला लावायची मिश्रीही त्यात आली. ‘मिश्री म्हणजे काय व्यसन आहे होय?’ असं मावशी विचारतील, पण विम्याच्या लेखी ती तंबाखूच. तसंच बीपीची गोळी चालू आहे का, कधी दवाखान्यात भरती झालात का, वडिलांना हृदयविकार होता का, आणि याआधी कुठे कुठे पॉलिसी आहेत. शेवटचा प्रश्न लोक किरकोळ समजून सोडून देतात. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ मध्ये एक प्रकरण आलं. माणसाने दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची मोठी पॉलिसी घेतली होती आणि फॉर्ममध्ये ती सांगितली नव्हती. काही महिन्यांतच तो गेला आणि क्लेम नाकारणारी कंपनी न्यायालयात बरोबर ठरली. २०२५ मधल्या दुसऱ्या प्रकरणात मोठी पॉलिसी सांगितलेली होती, पण लहानसहान सांगायच्या राहिल्या होत्या. तिथे न्यायालयाने वारसाला पैसे द्यायला लावले. वारसाला जिंकता येतंही, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. फॉर्मवर पिशवीतल्या पाचही पॉलिसी लिहिणं दहा मिनिटांचं काम आहे.

कायद्याची एक चांगली बाजूही आहे. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने, अगदी माहिती लपवल्याच्या कारणानेही, तिच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही. म्हणून ‘तीन वर्षं ढकलली की झालं’ असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. त्या तीन वर्षांत काय होईल हे त्यांना कुणी सांगितलं, हे विचारावं.

बाँड हातात आल्यावर तीस दिवस ‘फ्री लुक’चे असतात. आवडली नाही तर पॉलिसी परत करून थोडा खर्च वजा जाता पैसे परत मिळतात. या तीस दिवसांत एकच काम नक्की करावं: बाँडसोबत जोडलेली आपल्याच प्रपोजल फॉर्मची प्रत ओळ न ओळ वाचावी. तंबाखूपुढे ‘नाही’, उंची चुकलेली, बीपीचा रकाना कोरा असं काही दिसलं की कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावं आणि पोच जपून ठेवावी. कंपनीने मेडिकल तपासणी मागितली तर कटकट समजू नये. रक्त-लघवीचे रिपोर्ट फाइलला लागलेले असले तर पुढे वाद कमी होतात.

कंपनी कोणती, यावर लोक फार डोकं शिणवतात. मृत्यूचे किती दावे फेडले याची टक्केवारी विमा नियामक दरवर्षी छापतो. २०२३-२४ मध्ये सगळ्या कंपन्यांचा मिळून आकडा ९६ टक्क्यांच्या पुढे होता. ९८ वाली आणि ९९ वाली यांत रात्र जागवण्यापेक्षा फॉर्म खरा भरण्यात तो वेळ घालवलेला बरा. करसवलतीसाठी तर पॉलिसी मुळीच काढू नये. नव्या करप्रणालीत, जी आता न सांगता लागू होते, हप्त्यावर वजावट मिळतच नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आलाय, त्यामुळे टर्म पूर्वीपेक्षा परवडतो.

नॉमिनीचं नाव ही आणखी एक दुखरी जागा. अविवाहित असताना आईचं नाव लावलं, पुढे लग्न झालं, मुलं झाली, नाव तेच राहिलं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्या हक्काची ठरते. म्हणजे ती सगळी आईला जाईल, आणि सासू-सुनेत आधीच बोलणं नसेल तर पुढचं सांगायला नको. टक्केवारी ठरवून दोघींची नावं लावता येतात. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी सज्ञान व्यक्तीही नेमावी लागते. उधारी-उसनवारीत व्यवहार असलेल्या दुकानदारांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. ‘एमडब्ल्यूपी’ म्हटलं की एजंटला कळतं. त्या रकमेवर केवळ बायको-मुलांचा हक्क राहतो, सावकार किंवा बँक तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडायचा असतो.

पिशवीतल्या जुन्या पॉलिसींचं काय? घाईने मोडू नयेत. आधी टर्म घ्यावा, त्याचा बाँड हातात येऊ द्यावा, मगच शाखेत जाऊन प्रत्येक पॉलिसीची सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत लेखी मागावी. दोन-तीन वर्षांत मुदत संपणारी असेल तर ती पुरी करावी. नुकतीच घेतलेली आणि पंधरा-वीस वर्षं हप्ते बाकी असलेली असेल, तर पेड-अप करून पुढचे हप्ते वाचवण्याचा विचार होऊ शकतो. आत्येभाव रुसेल, तेवढं सोसावं.

हे सगळं पगाराची स्लिप असलेल्यांचं झालं. रिक्षावाला, भाजीवाली, जिरायती शेतकरी यांना उत्पन्नाचा पुरावा दाखवता येत नाही, त्यामुळे कोटीचा टर्म त्यांना सहसा मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘सरल जीवन बीमा’ आहे. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींवर तो मिळतो, रक्कम ५ ते २५ लाख. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच संरक्षण असतं. त्याहून स्वस्त म्हणजे बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना. वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख. वर्षाला २० रुपयांत अपघाताचे दोन लाख देणारी सुरक्षा योजना तिच्या जोडीला आहे. शेतकरी कुटुंबासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा योजनाही आहे. वीज पडून किंवा साप चावून मृत्यू झाला तरी ती लागू होते, हप्ता भरावा लागत नाही, अर्ज मात्र वेळेत करावा लागतो.

घरातलं माणूस गेल्यावर क्लेमसाठी मृत्यूचा दाखला, मूळ बाँड, नॉमिनीचं ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक लागतो. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही. चौकशीची गरज नसेल तर कंपनीने पंधरा दिवसांत आणि चौकशी असेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायला हवा. क्लेम नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो. नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत मात्र जावं लागतं.

आणि बँकेतलं खातं बंद करण्यापूर्वी, तेराव्यानंतर कधीतरी, गेलेल्या माणसाचं पासबुक मे-जून महिन्यांच्या पानांवर बोट फिरवत वाचावं. तिथे ४३६ किंवा २० रुपयांची नोंद दिसली, तर शाखेत तसं सांगून त्याच दिवशी क्लेमचा फॉर्म मागावा.